रुमाल, ट्यूब आणि बारी

शेगावच्या बसस्थानकावर खामगावची गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्या खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागतात. एकदा तर एका बापाने आपलं तीन वर्षांचं पोरगंच आत सोडलं होतं. ते सीटवर उभं राहून रडत होतं आणि बाप खालून ओरडत होता, "बस तिथंच, हलू नको!" रुमाल पडला की जागा आपली. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण एसटीने फिरणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ आहे.

त्या दिवशी माझ्यापुढे रुमाल टाकणारे गृहस्थ मला ओळखीचे वाटले. अर्ध्या तासापूर्वी गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनबारीत ते माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभे होते. दोन तास गुमान. सेवाधाऱ्याने हात जोडून "माऊली, चला" म्हटलं की चालायचे, "माऊली, थांबा" म्हटलं की थांबायचे. मागच्या म्हाताऱ्या बाबांना त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणीही दिलं होतं. आणि आता फलाटावर एका बाईला कोपराने बाजूला सारून वर ऐकवत होते, "दिसत नाही का ओ, रुमाल टाकेल हाये म्या!"

माणूस तोच, गाव तेच, उन्हाचा चटकाही तोच. अर्ध्या तासात त्यांच्या आईवडिलांचे संस्कार पुसले गेले असतील, असं काही मला वाटत नाही. बदलली होती ती फक्त जागा. गर्दीच्या करमणुकीच्या ठिकाणी लोक असे का वागतात आणि अशा वेळी आपण काय करायचं, याबद्दल जगात बरंच लिहिलं गेलंय, बोललं गेलंय. ते चाळताना मला तो रुमाल सारखा आठवत राहिला.

बुलढाणा जिल्ह्यात पाळण्यांचं आणि घसरगुंड्यांचं मोठं पार्क नाही. मुंबईकरांकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं, १९८९ साली सुरू झालेलं आणि आता बंद पडलेलं. खोपोलीला २०१३पासून इमॅजिका आहे. आपली माणसं उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यांतल्या वॉटर पार्कांकडे धावतात. गर्दीचा अनुभव मात्र आपल्याला घरबसल्या आहे. १२ जानेवारीचं, जिजाऊ जयंतीचं सिंदखेडराजा, होळीच्या सुमाराची सैलानीची यात्रा, सुट्टीच्या दिवशीचं लोणार, आणि प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमीचं शेगाव. पंचवीस वर्षं शाळेच्या सहली नेल्यामुळे यातली बरीचशी गर्दी मी चाळीस-पन्नास पोरं सांभाळत पाहिली आहे. पोरं सोबत असली की गर्दी फार जवळून दिसते. आपण ती त्यांच्या उंचीवरून बघायला लागतो आणि त्या उंचीवर दिसतात ती मोठ्यांची कोपरं.

जिल्ह्यात थीम पार्कच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे शेगाव संस्थानचं आनंद सागर. तिथे कुणी तो शब्द वापरला नाही, पण या शतकाच्या सुरुवातीपासून शाळांच्या सहलींना तेच ठाऊक होतं. पाण्याची कायम ओढाताण असलेल्या गावात एवढा मोठा तलाव, त्याच्या मधोमध बेटावर ध्यानकेंद्र, संतांचे पुतळे, बागा, खेळणी आणि मुलांची छोटी आगगाडी. मधली काही वर्षं ते बंद होतं, नंतर त्याचा काही भाग पुन्हा खुला झाला. माझ्या आठवणीत राहिलंय ते त्या आगगाडीचं स्टेशन. तीन शाळांची पोरं एकाच वेळी तिथे आलेली, प्रत्येकाला पहिल्याच डब्यात बसायचंय, आणि मास्तर लोक आपापल्या पोरांना पुढे ढकलताहेत. हो, आम्हीच ढकलत होतो, पोरं नव्हे. पांढऱ्या कपड्यातला एक सेवाधारी पुढे आला, डोक्यावर हात ठेवत मोजत गेला आणि माझ्या चौथ्या मुलापाशी थांबला. "बस, माऊली. पुढची गाडी तुमची."

पुढची गाडी तुमची. या तीन शब्दांनी आम्ही सगळे शांत झालो. त्यात उपदेश नव्हता, दटावणी नव्हती. आमचा नंबर कधी लागणार, एवढंच त्याने सांगितलं आणि गाडी परत आल्यावर ते पाळलं.

डेव्हिड मेस्टर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. व्यवस्थापन शिकवणारे आजही तो वाचायला देतात. किती वेळ लागेल हे माहीत नसलं की थांबणं लांबतं, का थांबवलंय हे कुणी सांगितलं नाही की लांबतं, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की आणखी लांबतं, असं त्याचं म्हणणं. घड्याळ तेच दाखवत असतं, पण माणूस आतून उकळायला लागतो. सेवाधाऱ्याने तो निबंध वाचला असण्याची शक्यता नाही. पण तिन्ही गोष्टी त्याने एका वाक्यात निकालात काढल्या.

"शेगावची गोष्ट वेगळी, तिथे श्रद्धा आहे," असं लोक चटकन म्हणतात. मला ते पटत नाही. २५ जानेवारी २००५ला साताऱ्याजवळच्या मांढरदेवीवर जमलेल्यांची श्रद्धा काय कमी होती? नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मागून रेटा, आणि सुमारे तीनशे माणसं गेली. मागच्याला पुढचं दिसत नसतं. तो 'जरासं' ढकलतो आणि ते जरासं शंभर माणसांतून पुढे जाताना केवढं होतं, हे त्याला कळतही नाही. श्रद्धेने माणूस रांगेत येतो. रांगेत नीट ठेवायला कठडे लागतात, वळणं लागतात आणि प्रत्येक वळणावर एक माणूस लागतो. शेगाव संस्थानचा कारभार सांभाळणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी (ते ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले) आयुष्यभर जे उभं केलं, त्यात हा वळणावरचा माणूस मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो पगारी रखवालदार नसतो. गावोगावहून पाळीने आलेला, कालपर्यंत शेतात किंवा दुकानात असलेला, आपल्यासारखाच माणूस असतो. आणि तो सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. ज्याला कुणी माऊली म्हटलंय, त्याला लगेच शिवी देणं अवघड जातं. तोंड उघडतं आणि मिटतं. हे मी माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत पाहिलंय, आणि माझ्या मेहुण्याला ओळखणाऱ्यांना त्याचं महत्त्व कळेल.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचं. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे उघड्या शेतात पंगती बसतात. माणसं लाखांच्या हिशेबात, आणि पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. लग्नाच्या बुफेत ताट घेऊन धक्काबुक्की करणारे तिथे मांडी घालून बसलेले असतात. कारण साधं आहे: ट्रॅक्टर आपल्यापर्यंत येणार आहे, हे दिसतंय. उठायला कारणच उरत नाही.

आता वॉटर पार्ककडे वळू. तिथे ट्रॅक्टर येत नाही.

मे महिन्यातला रविवार, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, आणि घसरगुंडीसाठी लागणाऱ्या रबरी ट्यूबा दोनशे माणसांत मिळून तीसएक. खाली उतरलेला माणूस ट्यूब सोडत नाही. तो पाण्यातूनच ओरडून आपल्या भाच्याला ती देतो, भाचा मामीला. एका कुटुंबाकडे सकाळी आलेली ट्यूब दुपारी जेवणाच्या वेळीही तिथेच फिरत असते. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमचा माणूस येऊन राहिला." जिन्यावरच्या रांगेतही तेच. एक जण उभा राहतो आणि नंबर जवळ आला की त्याचे सहा जण बाजूच्या कठड्यावरून आत उतरतात. हा सगळा रुमालच आहे, फक्त रबराचा आणि ओला.

या घुसखोरीवर एक मजेशीर प्रयोग झालेला आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कमधल्या तिकिटांच्या वगैरे १२९ रांगांत मुद्दाम घुसायला पाठवलं. निष्कर्ष १९८६ साली छापले गेले. एकच घुसखोर असला, तर निम्म्याच्या आसपास रांगांत कुणीतरी हरकत घेतली. दोन घुसले, तर दहापैकी नऊ रांगांत. हरकत बहुतेक वेळा कोण घेतं? ज्याच्या अगदी पुढे घुसखोर उभा राहिला, तो. तोच गप्प बसला तर त्याच्या मागचे सहसा बोलत नाहीत. त्यांना वाटतं, याचं चालतंय म्हणजे काहीतरी ओळखपाळख असेल. म्हणजे रांगेत एका माणसावर सगळ्या रांगेची जबाबदारी येऊन पडते, आणि ती कधी आपण असतो. मला या प्रयोगातली आणखी एक गोष्ट आवडते. ते घुसणारे विद्यार्थी स्वतःच कमालीचे अस्वस्थ व्हायचे म्हणे. मुजोर दिसणारा माणूस आतून तेवढा मुजोर असतोच असं नाही. त्याला कुणी अडवलं नाही, एवढंच.

अडवायचं कसं, हे मला एका अनोळखी मुलीने शिकवलं. वॉटर पार्कचं नाव सांगत नाही. दोन भाच्या वर खायला घ्यायला गेल्या होत्या आणि मी तीन ट्यूबा एकावर एक रचून त्यांवर बसले होते, पाय सोडून, हातात ओली पर्स. पंचवीसएक वर्षांची मुलगी कडेवर पोर घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "ताई, तीन?"

मी उठले. दोन दिल्या. तिसरीही द्यायला हवी होती, ते घरी आल्यावर सुचलं. ती जर म्हणाली असती, "तुम्हाला काही मॅनर्स आहेत की नाही," तर मी नक्की भांडले असते, आणि चांगली भांडले असते. पंचवीस वर्षं वर्गात घसा तयार झालेला आहे. पण 'ताई' म्हटल्यावर आणि नुसता आकडा विचारल्यावर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. लवकर बोलायचं, नात्याच्या शब्दाने सुरुवात करायची, आरोप न करता प्रश्न विचारायचा आणि मग गप्प राहायचं. "दादा, रांग तिकडून आहे ना?" यातला 'ना' महत्त्वाचा, तो समोरच्याला चुकून आल्याचं सोंग करायला जागा देतो. आपल्या वऱ्हाडात "जरासं सरका ना बाप्पा" यानेही बऱ्याच गाड्या रिकाम्या झाल्या आहेत. एकदा सांगून उपयोग झाला नाही, तर दुसऱ्यांदा त्याला सांगू नये, तिथल्या माणसाला सांगावं. तिसऱ्यांदा बोलायला गेलं की वाद रांगेचा राहत नाही, कोण मोठा याचा होतो. मग ओल्या फरशीवर दोन बाप एकमेकांची बनियनं धरून उभे राहतात आणि पोरांची सहल पोलीस ठाण्यात संपते.

इथे एक अपवाद आहे, आणि तो छोटा नाही. लाटांच्या तलावात सात-आठ पोरं हातात हात गुंफून उतरतात आणि प्रत्येक लाटेबरोबर बायकांच्या घोळक्यावर येऊन आदळतात. "सॉरी ताई, लाट आली." पुन्हा लाट, पुन्हा सॉरी. कठड्यावर बसून ओल्या कपड्यातल्या मुलींचं चित्रण करणारेही असतात. हा उद्धटपणा नव्हे, गुन्हा आहे, आणि इथे ताई-दादा, ना-बिना काही वापरायचं नाही. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं आणि जीवरक्षकाकडे बोट दाखवून सांगायचं: निळी चड्डी, हातावर गोंदण, तो. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ७४, ७५ आणि ७९ ही कलमं यासाठीच आहेत. सार्वजनिक जागी असभ्य वागणं आणि शांतता बिघडेल अशी अरेरावी यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१मध्ये ११० आणि ११२ ही कलमं आहेत. योगायोगाने मदतीचा फोन नंबरही ११२च. आणि घरच्या पुरुषांना एक विनंती: तुम्ही मारायला धावलात की त्या बाईची तक्रार बाजूला पडते आणि तुमची मारामारी नोंदवली जाते. तिच्या शेजारी उभे राहा, ते पुरे.

पार्कवाल्यांची बाजू मात्र मला तितकीशी निर्मळ दिसत नाही. वंडरला, इमॅजिका यांच्याकडे जादा पैसे भरून रांग टाळायचं तिकीट मिळतं. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत १९९९पासून वेळ राखून ठेवायची सोय फुकट होती, २०२१पासून तिचे पैसे पडू लागले. देवस्थानंही मागे नाहीत. तिरुपतीचं तीनशे रुपयांचं विशेष दर्शन सगळ्यांना माहीत आहे. धंद्याच्या हिशेबाने यात गैर काही नसेल. पण चाळीस मिनिटं उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत दुसरा हसत पुढे जातो, तेव्हा तो एक गोष्ट शिकतो: पुढे घुसणं वाईट नाही, फुकट घुसणं वाईट. मालकच घुसखोरी विकत असेल, तर कठड्यावरून उतरणाऱ्या सहा जणांना आपण कुठल्या तोंडाने बोलणार?

जपानी लोकांनी रुमालाचं काय केलं बघा. तोक्यो डिस्नेलँडमध्ये मिरवणूक बघायला लोक जमिनीवर चटई अंथरून जागा धरतात. म्हणजे रुमालच. पण चटई मिरवणुकीच्या एक तास आधीच अंथरायची, त्याआधी नाही, असा नियम आहे. जागा धरण्याची माणसाची खोड त्यांनी मोडायला घेतली नाही, तिला वेळ लावून दिली. आपल्या एसटीने आरक्षण सुरू करून तेच केलं होतं. शेगाव-खामगाव सोळा-सतरा किलोमीटरला आरक्षण कोण करणार, म्हणून तिथे रुमाल उरला.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. उद्धट कोण हे ठरवतं कोण? वॉटर पार्कमध्ये आमच्या सोबत आलेल्या एका मावशी नऊवारीत तलावाकडे निघाल्या, तर दारावरचा पोरगा सगळ्यांसमोर खेकसला, "ओ आजी, हे नदी-नाला नाही." सुती कपड्यांना मनाई असते, त्यामागे कारण आहे: धागे निघून गाळण यंत्रात अडकतात, सैल पदर घसरगुंडीत गुंततो. नियम बरोबरच होता. पण तो तिकिटाच्या खिडकीवर, मराठीत, ठळक अक्षरांत लिहिला असता तर मावशी घरूनच तयारीने आल्या असत्या. त्या दिवशी त्या पाच तास झाडाखाली सगळ्यांच्या चपला सांभाळत बसल्या. मागे दोन शहरी मुली त्यांच्याकडे बघून हसत होत्या. धक्का कुणी मारला नव्हता, रांगही कुणी मोडली नव्हती. तरी त्या दिवसातला सगळ्यात मोठा उद्धटपणा मी तोच धरते.

कचऱ्याचंही असंच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले होते. शेजारची भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, आणि भिंतीवर रेघोट्या मारलेल्या असताना ६९ टक्क्यांनी. हे २००८ साली छापून आलं. लोणारचं सरोवर २०२०पासून रामसर स्थळ आहे, जगाने जपायची जागा. तरी काठावरच्या झुडपात पहिली वेफर्सची पिशवी दिसली की दुसरी टाकणाऱ्याचा हात अडखळत नाही. सहलीत मी पोरांना कचरा टाकू नका असं सांगणं सोडून दिलं होतं. उतरल्याबरोबर दहा मिनिटं दिसेल ते आम्हीच उचलायचो. मग तासभर तरी आजूबाजूची मोठी माणसंही पिशवी खिशात ठेवायची. तासभरच, पण ठेवायची.

विदर्भ-खानदेशात वॉटर पार्क चालवणाऱ्यांना म्हणून एकच मागणं आहे. उपदेशाच्या पाट्या नकोत, त्या आमच्या शाळेतही होत्या. मार्च संपायच्या आत ट्यूबांच्या ढिगाशी एक माणूस उभा करा. ट्यूब त्याच्याच हातून मिळाली पाहिजे आणि त्याच्याच हाती परत गेली पाहिजे. त्याला डोकी मोजायला शिकवा आणि "पुढची ट्यूब तुमची" एवढं म्हणायला शिकवा. त्याचा पगार तिकिटात लावा. आम्ही देऊ.